दुधाचा ठराव

त्या रविवारी टेबलावर आधी वही वाढली गेली आणि मग योता.

फुल्विया आली ती अंगातला कोटही न काढता. बाहेर बोरा हा गार वारा सुटला होता आणि सकाळपासून खिडक्यांच्या झडपा आपटत होत्या. तिने पिशवीतून पाव काढला, पावाखालून हिरव्या पुठ्ठ्याची एक वही काढली आणि ती बापासमोर, काटा आणि चमचा यांच्या मधोमध ठेवली.

"शिवणयंत्राच्या मागं होती," ती म्हणाली. "आईच्या. दोन चादरींत गुंडाळून ठेवलेली. मी तुमची ब्लडप्रेशरची कागदं शोधत होते."

आर्जेओ व्हिझिन्तिनने वहीकडे पाहिले आणि मग बीन्स-कोबीच्या त्या आंबट योत्याच्या पातेल्याकडे पाहिले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला एक सोय असते, ऐकूच आले नाही असे दाखवता येते. त्याने ती वापरली.

ओन्दिना पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. जानेवारीत, खटल्याच्या पहिल्या सुनावणीनंतर, तिच्या या सासऱ्याने याच टेबलावर सांगितले होते की कामगार समितीच्या सगळ्या वह्या बहात्तर साली गेल्या, युनियनच्या तळघरात पाणी शिरले तेव्हा. छातीवर हात ठेवून सांगितले होते. तिने ते खरे मानले, कारण आमच्या सान्ताल्दो गावात आर्जेओचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. गोदीत चाळीस वर्षे, त्यातली बावीस समितीवर, आणि साहेबांपुढे एकदाही टोपी काढली नाही. युनियनच्या हॉलमध्ये जिवंत माणसाचा फोटो लावत नाहीत, पण त्याचा लावला आहे. त्याच्याखाली एकच ओळ लिहिली आहे : दुधाचा ठराव, १९६४.

त्या ठरावाने जहाजातल्या पाइपांना ॲस्बेस्टॉस लपेटणाऱ्या टोळीला रोज माणशी अर्धा लिटर दूध मिळाले आणि वर धूळभत्ता. सकाळी दहाला बाटल्यांचे क्रेट यायचे. दुधाने धूळ धुऊन निघते, असे तेव्हा सगळेच म्हणायचे. सगळ्या गोदीला त्या टोळीचा हेवा वाटायचा. गावाने या घराचे नाव दूधवाले पाडले, आणि आर्जेओच्या मुलाला, ओन्दिनाच्या नवऱ्याला, नेव्हिओला पाहून शाळेतली पोरे हंबरली नाहीत हे एक नशीब, कारण तोवर तो शाळा सोडून गोदीत गेला होता. चौसष्टच्या ऑक्टोबरात, अठराव्या वर्षी, त्याच टोळीत. अकरा वर्षे त्याने पाइप लपेटले.

आता तो वरच्या खोलीत होता, सत्तावन्न वर्षांचा, नाकात नळी घालून. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होता. ईस्टरपर्यंत, असे डॉक्टर म्हणाला होता, आणि कोणत्या ईस्टरपर्यंत हे कुणी विचारले नाही. नेव्हिओला आता एवढेच हवे होते, मंगळवारी कोर्टात बसायचे आणि कुणाच्या तरी तोंडून ऐकायचे की त्यांना माहीत होते. टोळीतल्या एक्केचाळीस घरांनी मिळून गोदीच्या संचालकांवर खटला लावला होता. मागच्या तारखेला जुन्या संचालकांचा वकील उठून म्हणाला होता की त्या काळी कुणालाच काही माहीत नव्हते. न्यायाधीशबाईंनी विचारले होते, त्या काळची एखादी नोंद कुणाकडे आहे का?

"पान बावीस," फुल्विया म्हणाली. "वाच."

ओन्दिनाने पळी पातेल्यात सोडली, हात एप्रनला पुसले आणि वाचले. अक्षर सासऱ्याचेच होते, सरळ, टोकदार, अजून शाई काळी.

'दि. १२ मे १९६४. हजर : समितीचे सहा सभासद, अध्यक्ष बेर्तो झोर्झिन. व्यवस्थापनातर्फे उपसंचालक व गोदीचे डॉक्टर. डॉक्टरांनी निवेदन केले की पाइप लपेटण्याच्या कामातील धूळ फुप्फुसात कायम राहते, व परदेशातील नोंदी चिंताजनक आहेत. व्यवस्थापनाने दोन पर्याय ठेवले. एक, धूळ ओढणारे एक्झॉस्ट पंखे बसवणे. त्यासाठी दोन्ही जहाजांचे काम नऊ आठवडे बंद, त्या काळाचा पगार नाही. दोन, रोज माणशी अर्धा लिटर दूध व धूळभत्ता. चर्चा झाली. असे ठरले की दुसरा पर्याय स्वीकारावा.'

"त्यांना माहीत होतं," ओन्दिना म्हणाली. ती बसली. "फुल्विया, हे डॉक्टरच्या तोंडचं आहे. साहेब समोर बसलाय. तारीख आहे. अगं, खटला संपला. आपण जिंकलो."

"पुढची ओळ वाच."

'असे ठरले की डॉक्टरांचे निवेदन व पहिला पर्याय कॅन्टीनच्या सभेत मांडू नये.'

ओन्दिनाने ती ओळ दोनदा वाचली. मग ती सासऱ्याकडे वळली. तो पावाचा तुकडा मोडत होता, फार बारीक, चिमण्यांना घालतात तसा.

"पापा."

"योता गार होतोय," आर्जेओ म्हणाला.

"पापा, तुम्हाला माहीत होतं."

"वाढ आधी."

"मी तेहेतीस वर्षं वाढतेय या घरात," ओन्दिना म्हणाली. "नेव्हिओची कामाची डांगरी मी अंगणात झटकायची. पांढरं पांढरं उडायचं. तुम्ही तिथं बाकावर बसून पेपर वाचायचात आणि म्हणायचात, ओन्दिना, वाऱ्याच्या खाली उभी राहून झटक, पेपरवर येतंय. पेपरवर येतंय म्हणायचात तुम्ही."

म्हाताऱ्याने पावाचा आणखी एक तुकडा मोडला. फुल्वियाने अखेर कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. ती युनियनच्याच पेन्शन कचेरीत बसते, विधवांचे आणि निवृत्तांचे फॉर्म भरून देते, आणि अडलेल्या माणसाशी बोलायचा एक थंड, समजुतीचा आवाज तिला सवयीचा झाला आहे. तोच तिने काढला.

"ओन्दिना, ऐक. मंगळवारी ही वही कोर्टात गेली की बुधवारी पेपरात काय येईल? संचालकांना माहीत होतं, हे आतल्या पानावर. पहिल्या पानावर येईल, युनियननं दुधाच्या बाटलीवर माणसं विकली. आणि हॉलमधला फोटो असेल वर."

"येऊ दे."

"एक्केचाळीस घरं आपल्याला मानतात, दूधवाले म्हणून. उद्या त्यांच्या बायका आपल्या दारावर काय लिहून जातील?"

"माझ्या दारावर लिहिण्यासारखं आहे ते वरच्या खोलीत झोपलंय," ओन्दिना म्हणाली. "तू तुझ्या बापाचा फोटो सांभाळ. मला माझा मंगळवार हवाय."

"मी वही जाळायला आणली असती तर तुझ्यासमोर ठेवली नसती," फुल्विया म्हणाली.

ते खरे होते. या नणंदेशी तिचे लग्नापासून कधी धड जमले नाही. पडद्यांच्या रंगापासून सासूच्या दुखण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत फुल्वियाचे म्हणणे वेगळे असायचे. पण शिवणयंत्राच्या मागे हात घातला होता तो तिनेच, आणि सापडले ते घेऊन ती इथेच आली होती.

"मग काय म्हणणं आहे तुझं?"

"पुन्हा वाच. कोण म्हणालं, कॅन्टीनमध्ये सांगू नका?"

ओन्दिनाने बोट ठेवून वाचले. "असे ठरले."

"बरोबर. असे ठरले. नाव नाही. सहा जण होते, पाच गेले. खाली सही अध्यक्षाची आहे, बेर्तोची. वकील विचारेल, पापा सांगतील की मी लिहून घेणारा होतो, अध्यक्ष जे सांगतील ते लिहायचो. एवढंच." तिने वही मिटली. "संचालकांना माहीत होतं ते सिद्ध होईल. नेव्हिओला त्याचं मिळेल. आणि हे घर वाचेल."

मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडायला काही त्रास पडत नाही. बेर्तो झोर्झिन एकोणनव्वद साली गेला, तोही छातीनेच. त्याच्या कबरीपाशी भाषण आर्जेओने केले होते. बेर्तोची बायको नेरीना दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि दर गुरुवारी नेव्हिओसाठी कोंबडीचे सूप घेऊन येते, झाकणाला फडके बांधून, निसरड्या रस्त्यावरून. ओन्दिनाला ते फडके डोळ्यांपुढे दिसले. निळ्या चौकटीचे.

"पापा, बेर्तोच म्हणाला होता ना?" तिने विचारले.

आर्जेओने मान हलवली. ती होय होती की नाही, ते कळले नाही. ओन्दिनाने ती होय धरली. धरायची होती म्हणून धरली.

*

जेवण कुणी जेवलेच नाही. ताटे जवळजवळ भरलेलीच स्वयंपाकघरात परत गेली आणि दोघी नळाखाली उभ्या राहिल्या, एक धुवायला, एक पुसायला. म्हातारा तिकडे टेबलाशीच बसून होता.

"नेरीनाला कोण सांगणार?" ओन्दिना म्हणाली.

"मी सांगेन. आधी. पेपरात यायच्या आधी."

"काय सांगशील?"

फुल्वियाने ताट दोन्ही बाजूंनी पुसले आणि परत पहिल्या बाजूने पुसले. "तिचं मूलबाळ नाही," ती म्हणाली. "त्याच्या नावानं मिरवणारं कुणी नाही मागं."

"म्हणून चालतं?"

"नाही चालत. पण सोसवतं."

ओन्दिना जरा हसली, तशा हसण्याला हसणे म्हणत असतील तर. "तुला पेन्शनीत ठेवलंय ते बरोबर ठेवलंय गं. माणूस मेल्यावर त्याचं काय करता येतं ते तुला बरोब्बर कळतं."

"म्हण. तुझा हक्क आहे."

मग फुल्वियाने हातातले फडके खाली ठेवले. खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीला बोरा नुसता मारत होता.

"मी प्यायले ते दूध," ती म्हणाली.

"कुठलं?"

"नेव्हिओचं. मी तेरा वर्षांची होते, अंगावर मांस नव्हतं, डॉक्टर म्हणाला होता हिला खायला घाला. तो बाटली प्यायचाच नाही. डांगरीत घालून घरी आणायचा. दुपारी ऊन झालेलं असायचं, डांगरीचा वास यायचा त्याला. मी नाक मुरडायचे. तो म्हणायचा, पी गं, मी तिथं दोन पितो." तिने डोळे पुसले नाहीत, पाणी तसेच वाहू दिले. "टोळीतले सगळेच घरी न्यायचे. प्यायचं कुणीच नाही. ज्यांची पोरं होती ते पोरांना न्यायचे. ओन्दिना, त्या दुधानं काही होत असतं ना, तरी ते ज्यांच्यासाठी होतं त्यांच्या पोटात गेलंच नाही."

ओन्दिनाने नळ बंद केला. तिने ओल्या हातानेच नणंदेचा दंड धरला. एकमेकींना हात लावायची सवय दोघींनाही नव्हती आणि काय करावे ते न कळून त्या तशाच राहिल्या.

"मंगळवारी तू माझ्या बाजूला बस," ओन्दिना म्हणाली. "तुझं म्हणणं तसंच करू. बेर्तोचं नाव घेऊ. देव बघून घेईल."

तेवढ्यात वरून आवाज आला. आधी काहीतरी जड टेकवल्यासारखा, मग थांबून, पुन्हा. जिन्याच्या पायरीवर ऑक्सिजनचे सिलिंडर उतरत होते. या घराची तक्तपोशी पातळ आहे हे दोघींनाही माहीत होते. पण माणूस बोलायच्या भरात आला की आपल्याच घराचे तक्ते विसरतो.

*

नेव्हिओ जिना उतरून टेबलाशी आला. ओन्दिना आधाराला पुढे झाली तर त्याने कोपराने तिला बाजूला केले. अंगावर पायजमा आणि वर कोट होता. तो बापासमोर बसला, सिलिंडर पायांत घेऊन, आणि श्वास जागेवर यायची वाट बघत राहिला. त्याला आता एका दमात तीनचार शब्द जमायचे. ते तो फार जपून वापरायचा.

आर्जेओला त्याच्याकडे बघवेना. हाच पोरगा समुद्रात उडी मारून धक्क्याखालून पलीकडे निघायचा आणि बाप वर मनातल्या मनात आकडे मोजत बसायचा, बाहेर येईपर्यंत.

"वाचा," नेव्हिओ म्हणाला.

"तू ऐकलं आहेस," फुल्विया म्हणाली. "वर जा. आम्ही ठरवलंय काय करायचं ते."

"तुम्हीही. ठरवलंय." त्याने बहिणीकडे पाहिलेही नाही. "पापा. वाचा."

आर्जेओने चष्मा लावला. वही उघडताना पाने चिकटली होती, ती त्याने अंगठ्याने सोडवली. बावीस वर्षे त्याने सभांमधून वाचून दाखवले होते, भर वाऱ्यात, कर्ण्याशिवाय, दोन हजार माणसांना ऐकू जाईल असे. आज तीन माणसांसाठी त्याचा आवाज पुरेना. तारीख वाचली, हजेरी वाचली, डॉक्टरांचे निवेदन वाचले. 'असे ठरले' पाशी आला आणि भराभर वाचून पुढे गेला.

"थांबा," नेव्हिओ म्हणाला. "कोण म्हणालं?"

"बेर्तो," ओन्दिना म्हणाली. "बेर्तो अध्यक्ष होता."

"तुला नाही विचारलं."

"बेर्तोच, नेव्हिओ," फुल्विया म्हणाली. "सही आहे बघ त्याची. पापा लिहून घ्यायचे नुसतं. पापांनी आत्ताच सांगितलं आम्हाला."

"पापा. बेर्तोनं म्हटलं?"

सगळे तयार होते. होय म्हटले असते तर या खोलीतल्या एकानेही त्याला परत विचारले नसते. आर्जेओ स्वतःला भित्रा समजत नव्हता. फॅसिस्टांच्या काळात त्याने मार खाल्ला होता, गोदीच्या दारात पोलिसांच्या घोड्यांपुढे तो उभा राहिला होता. मेलेल्या दोस्ताच्या नावाआड जायला मात्र फारसे काही लागत नव्हते, नुसती मान हलवायची होती. आणि ती त्याने जेवणाच्या वेळी एकदा हलवलीही होती, अर्धी. उरलेली अर्धी हलवणे त्याला जमेना. ते का, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. बेर्तोच्या कबरीपाशी आपण काय बोललो ते त्याला आठवले, एवढेच.

"बेर्तो नाही म्हणाला," तो म्हणाला.

"पापा, गप्प बसा," फुल्विया म्हणाली.

"बेर्तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला, पंखे. नऊ आठवडे उपाशी राहू पण पंखे. त्याच्या बाजूला आणखी एक जण होता." आर्जेओ वहीशीच बोलत होता. "आदल्या हिवाळ्यात चाळीस दिवसांचा संप झाला होता. मी घराघरांतून फिरलो होतो. बायकांनी चादरी विकलेल्या मी बघितल्या होत्या. मी म्हटलं... मी म्हटलं, बेर्तो, नऊ आठवडे काय पंखे उकडून खायचे?"

त्याने वहीचा कोपरा अंगठ्याने दाबून धरला.

"सगळे हसले. साहेबसुद्धा हसला. मला तेव्हा बोलता यायचं. बेर्तोचं तोंड पडलं. मग मतं घेतलीच नाहीत. गरजच पडली नाही. मी घरी येऊन लिहिलं, असे ठरले."

"हसण्यावर," नेव्हिओ म्हणाला.

"हसण्यावर."

"आणि कॅन्टीनमध्ये. सांगायचं नाही. ते?"

"तेही मीच."

फुल्विया उठून खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. ओन्दिना तिथेच राहिली. तिला सासऱ्याच्या तोंडात मारावेसे वाटत होते आणि त्याच वेळी, दहा मिनिटांपूर्वी आपण बेर्तोचा किती सहज बळी दिला हे आठवून, हात उचलायचा आपल्याला हक्क उरलेला नाही असेही वाटत होते.

"दुधावर विश्वास होता?" नेव्हिओने विचारले.

"होता रे." म्हाताऱ्याने पहिल्यांदा मान वर केली. "माझा बाप चुन्याच्या भट्टीवर होता. रात्री दूध प्यायचा, म्हणायचा चुना खाली जातो. नव्वद वर्षं जगला. वहीत त्यांचा पर्याय म्हणून लिहिलं, पण दूध मीच सुचवलं त्यांना. साहेबांच्या डोक्यात नव्हतं ते, ते भत्त्यावर थांबले होते. मी भांडून मिळवलं ते दूध. तुझ्या गळ्याची शपथ, माझा विश्वास होता."

नेव्हिओने नाकातली नळी नीट बसवली. सिलिंडरच्या काट्याकडे ओन्दिनाचे लक्ष होते.

"विश्वास होता," तो म्हणाला, "तर लपवलंत कशाला?"

चाळीस वर्षे त्याने स्वतःला हा प्रश्न विचारला नव्हता, कारण तो स्वतःला नेहमी दुसराच विचारायचा, दुधाचा. त्याचे उत्तर तयार होते. याचे नव्हते. पण प्रश्न बाहेर आल्यावर उत्तरही तिथेच होते, इतकी वर्षे, फक्त हात लावायचे राहिले होते.

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर त्यांनी पंखे मागितले असते."

"हं."

"सगळ्यांनी मागितले असते."

"ऑक्टोबरात," नेव्हिओ म्हणाला, "मला घातलंत. त्या टोळीत."

"भत्ता होता. त्या टोळीत घुसायला रांग लागायची. माझा शब्द चालायचा, मी..." त्याला शब्द सापडेना. "मी वशिला लावला. लोक म्हणाले, आर्जेओ पोराचं भलं करतोय. मलाही तसंच वाटलं."

"मी ते दूध. प्यायलोच नाही."

"माहीत आहे."

"माहीत होतं?"

"घरात रिकाम्या बाटल्या दिसायच्या," आर्जेओ म्हणाला. "मी फुल्वियाकडे बघायचो. गालावर रंग यायला लागला होता तिच्या. मी काही बोललो नाही."

खिडकीशी उभ्या फुल्वियाचे खांदे हलले. पण ती वळली नाही.

नेव्हिओने हात पुढे केला, वही आपल्याकडे ओढली आणि त्या ओळीवर बोट ठेवले. बोटाचे नख निळे पडले होते. "हे मंगळवारी. वाचायचं," तो म्हणाला. "असे ठरले नाही. तसं नाही वाचायचं."

"मग?"

"मी म्हटलं. असं वाचायचं. तुमच्या तोंडानं. बेर्तोनं पंखे मागितले. तेही."

"नेव्हिओ," फुल्विया म्हणाली, तिकडूनच, "त्यांचा वकील फाडून खाईल पापांना. म्हणेल, तुमच्याच माणसानं केलं, आमच्याकडे काय मागता?"

"म्हणू दे. डॉक्टरचं वाक्य. तिथंच आहे." तो दम घ्यायला थांबला. "मला कळायला हवं होतं. कुणाला माहीत होतं. कळलं."

आर्जेओने वही परत आपल्याकडे घेतली. चष्मा नाकावर सरळ केला. कोणी न सांगताच त्याने सुरुवात केली, बारा मेपासून, हजेरीपासून. या वेळी तो सावकाश वाचत होता. डॉक्टरांचे निवेदन झाले. दोन पर्याय झाले. चर्चा झाली. आणि तिथे येऊन त्याची गाडी अडली.

"मोठ्यानं," नेव्हिओ म्हणाला. "न्यायाधीशबाईंना. ऐकू जायला हवं."

"मी म्हटलं," आर्जेओ वाचू लागला, जे वहीत नव्हते ते, "की डॉक्टरांचं निवेदन आणि पहिला पर्याय कॅन्टीनच्या सभेत सांगू नये." आणि मग, कुणी विचारले नसताना, "पाच महिन्यांनी मी माझा मुलगा त्या टोळीत घातला."

वही त्याने मिटली. नेव्हिओ उठायला लागला. ओन्दिनाने सिलिंडर उचलले आणि या वेळी त्याने तिला बाजूला केले नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याने कठड्याला हात लावला आणि पाठमोराच बोलला.

"गाडीत माझ्या शेजारी. बसू नका. फुल्वियाबरोबर या." दोन श्वास गेले. "पण या."

तो वर जाऊ लागला, एकेक पायरी थांबत. आर्जेओ टेबलाशीच बसून राहिला, दोन्ही तळहात वहीवर ठेवून. फुल्विया खिडकीतून हलली नाही.

"किती वाजता निघायचं?" म्हाताऱ्याने विचारले.

त्याच्याकडे कुणी पाहिले नाही. जिन्याच्या मध्यावर, नवऱ्याच्या पाठीला एक हात लावून आणि दुसऱ्या हातात सिलिंडर तोलून उभ्या असलेल्या ओन्दिनाला अखेर उत्तर द्यावे लागले.

"आठला," ती म्हणाली. "तयार राहा."